वेढे मोजलेस?

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी सगळ्यात जास्त वापरलेला शब्द कोणता, असं कुणी विचारलं तर उत्तर सोपं आहे. 'समजलं.' कुणी काही सांगायला लागलं की आधी मान हलायची, मग तोंडातून 'समजलं' बाहेर पडायचं. अर्थ आला तर त्याच्या मागून यायचा. पुष्कळदा यायचाच नाही.

ही सवय मी जिंतूरहून पुण्याला सोबत घेऊन गेलो होतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी फळ्यावर गणित सोडवायचे, खडू झटकत मागं वळायचे आणि विचारायचे, "समजलं का रे?" साठ पोरं एका सुरात, "होऽऽ!" त्या 'हो'चा गणिताशी काही संबंध नव्हता. 'हो' म्हटलं की पुढचं गणित सुरू व्हायचं, आणि 'नाही' म्हणणाऱ्याला उभं राहावं लागायचं. उभ्या पोराकडं एकशे अठरा डोळे वळतात, हे पहिलीतल्या पोरालाही कळतं. पुढं इंजिनिअरिंगला नांदेडला गेलो. तिथं फळ्याच्या जागी प्रोजेक्टर आला, बाकी सगळं तसंच. व्हायव्हाला बाहेरचे सर आले की आपण मान डोलवायची, म्हणजे ते लवकर सोडतात, हे ज्ञान सीनिअरांकडून ज्युनिअरांकडं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं होतं.

२०११ साली हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत लागलो. तिथं मला ज्यांच्या हाताखाली दिलं त्या मूळच्या उदगीरच्या. ऑफिसात सगळे एकमेकांना नावानं हाका मारत. मला ते जमेना. 'मॅडम' म्हटलं तर त्या म्हणाल्या, "मॅडम नको रे बाबा, नाव आहे मला." मग आठवडाभर मी त्यांना काहीच म्हणालो नाही. टेबलाजवळ जाऊन उभा राहायचो आणि खाकरायचो. शेवटी 'ताई'वर तडजोड झाली. कंपनीच्या कागदावर त्यांच्या नावापुढं 'मेंटॉर' लिहिलेलं होतं. नवा माणूस रुळेपर्यंत त्याच्या शंकांना उत्तरं देणारा, त्याचा कोड तपासणारा, त्याला कुठं काय आहे ते दाखवणारा अनुभवी माणूस म्हणजे मेंटॉर, असं पहिल्या दिवशीच्या सादरीकरणात सांगितलं. मी मान हलवली. खरं तर या एका गोष्टीसाठी मान हलवायची गरज नव्हती, कारण हा प्रकार मला चांगला ठाऊक होता. आमच्याकडं त्याला उस्ताद म्हणतात.

गॅरेजात, वेल्डिंगच्या दुकानात, बँडपथकात, मराठवाड्यात कुठंही जा, शिकवणारा तो उस्ताद. १९४८ च्या सप्टेंबरात निजाम गेला, उस्ताद मागं राहिला. माझ्या मामाचं जिंतूरला मोटार रिवायंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारीत तांब्याची तार नव्यानं गुंडाळून द्यायचं, दुकान आहे. मामा ते काम परभणीत एका चाचांकडं शिकला. चाचांचं एकच वाक्य तो अजून सांगतो, "पहले सुन, फिर खोल." मोटार आली की लगेच पाना लावायचा नाही. आधी शेतकऱ्याचं ऐकायचं, मग मोटारीचं ऐकायचं, मग खोलायची.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी मामाच्या दुकानी असायचो. तिथं बसून जे ऐकलं ते पुढं इतकं कामी येईल असं वाटलं नव्हतं. शेतकरी मोटार टेम्पोतून उतरवायचा आणि म्हणायचा, "चालंना." झालं, एवढंच. मामा स्टूल पुढं सरकवायचा, चहा सांगायचा आणि विचारत बसायचा. चालंना म्हणजे काय? बटण दाबल्यावर गुंगते का, का गपच आहे? फ्यूज उडाला का? लाइट दिवसाची होती का रातची? काल चालली का? कालपास्नं आजपर्यंत काय बदललं? केबल जोडली? खाली-वर केली? आणि मग हळूच, "दोन फेजवर चालवली होती का?"

"न्हाई, न्हाई!" हे उत्तर इतक्या चटकन यायचं की मला पोराला पण कळायचं.

तीन फेजची लाइट नसली की कपॅसिटर लावून दोन फेजवर मोटार ओढायची, हा आमच्याकडचा सार्वत्रिक उद्योग. पीक वाळत असलं की माणूस काय करणार. पण ती ओढ मोटारीच्या अंगावर येते. मामा स्टेटर, म्हणजे मोटारीचा न फिरणारा, कॉइली बसवलेला भाग, उघडायचा आणि आतलं बघून त्याला सगळं कळायचं. स्टार जोडणीच्या मोटारीत दोन फेजच्या कॉइली कोळशासारख्या काळ्या आणि तिसरीच्या लखलखीत असल्या, की चालू मोटारीचा एक फेज गेला होता हे लिहून दिल्यासारखं असतं. तरी मामानं कधी कुणाला "खोटं बोललात" असं म्हटलेलं मी ऐकलं नाही. तो म्हणायचा, "काका, पैसे तेवढेच लागत्यात. खरं सांगितलं तर लवकर व्हईल, एवढंच." मग काका खरं सांगायचे.

मी नववीत असताना मामानं मला पहिल्यांदा एक ५ एचपीची मोटार स्वतः खोलायला दिली. जळकी कॉइल छन्नीनं एका बाजूला कापायची आणि दुसऱ्या बाजूनं उपटून काढायची. पण त्याच्या आधी वहीत लिहायचं: तार कोणत्या गेजची, एका कॉइलीत वेढे किती, कॉइल कोणत्या स्लॉटातून निघून कोणत्या स्लॉटात जाते, टोकं कशी जोडली आहेत. हे सगळं मामानं मला नीट सांगितलं होतं. मी म्हणालो होतो, "समजलं, मामा."

मामा बाजारात गेला. मला हात दाखवायची घाई. तासाभरात मी सगळा स्टेटर मोकळा करून, घासून, पुसून, चकचकीत करून ठेवला. कॉइली तांब्याच्या भंगाराच्या पोत्यात टाकल्या. मामा आला, स्टेटर बघून खूश झाला, आणि मग त्यानं वही उघडली.

"वेढे मोजलेस?"

मोजले नव्हते. कुठल्यातरी लहान कारखान्याची मोटार होती, मामाच्या वहीत तिचा जुना हिशेब नव्हता. संध्याकाळपर्यंत मी ते पोतं उपसून त्यातून त्याच मोटारीच्या कॉइली वेगळ्या काढत, कापलेल्या टोकाच्या तारा एकेक करून मोजत बसलो. वेढे कळले. जोडणी काही कळली नाही, ती मामानं अंदाजानं आणि एका ओळखीच्या दुकानदाराला फोन करून बसवली. मोटार दोन दिवस उशिरा गेली. त्या शेतकऱ्याचा उन्हाळी भुईमूग होता. मामा मला रागावला नाही. मला वाटतं, रागावला असता तर मी ते विसरलो असतो.

तर अशा दुकानात वाढलेला मी, पुण्यात ताईंच्या टेबलापाशी जाऊन काय म्हणत होतो? "ताई, चालंना."

ताई हसायच्या. "काय चालंना?" मग मी त्यांना माझ्या खुर्चीपर्यंत घेऊन जायचो, पडदा दाखवायचो, आणि त्या तिथं उभ्या राहून मामासारख्याच विचारायच्या. तू काय केलंस, काय होईल असं वाटलं होतं, आणि झालं काय? मला तिन्हीची उत्तरं वेगवेगळी देता यायची नाहीत. बहुतेकदा 'काय होईल असं वाटलं होतं' याचा मी विचारच केलेला नसायचा. कुठूनतरी चार ओळी उचलून चिकटवल्या होत्या आणि चालतील अशी आशा होती. आशा हे काही गृहीतक नव्हे.

महिन्याभरानं त्यांनी नियम घातला. अडलं की पंधरा मिनिटं स्वतः झटायचं, मग या तीन प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहायची आणि कागद घेऊन यायचं. पडद्यावर चूक दाखवणारा जो संदेश येतो तो अक्षरशः, जसाच्या तसा. "काहीतरी नल आलंय" असं नाही. मला आधी हा अपमान वाटला. मग गंमत अशी झाली की दहातल्या चार-पाच वेळा मी कागद लिहिता लिहिताच थांबायचो, कारण दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लिहितानाच चूक दिसायची. इंग्रजी मुलखातले प्रोग्रामर यासाठी टेबलावर रबरी बदक ठेवतात आणि त्याला आपला कोड ओळीओळीनं समजावून सांगतात. बदक काही बोलत नाही, सांगणाऱ्यालाच चूक सापडते. मामा स्टेटरशी बोलायचा. प्रकार एकच.

पण माझी खरी परीक्षा पुढं होती, आणि तिचा संबंध १ जूनशी आहे.

मराठी वाचकाला १ जून समजावून सांगायची गरज नाही. तरी शहरातल्यांसाठी सांगतो. शाळेत नाव घालताना पोराची जन्मतारीख आई-बापाला माहीत नसायची. 'पोळ्याच्या आसपास' किंवा 'थोरल्या नानाच्या लग्नाच्या साली' एवढंच सांगता यायचं. मग गुरुजी वयाचा अंदाज घ्यायचे, शाळा जूनला सुरू व्हायची, म्हणून १ जून लिहून टाकायचे. त्यामुळं आमच्याकडं गावंच्या गावं १ जूनला जन्मलेली आहेत.

आम्ही ग्रामीण भागातल्या लोकांचे विम्याचे अर्ज भरून घेणारी एक प्रणाली बांधत होतो. अर्जात जन्मतारखेचा रकाना माझ्याकडं आला. ताईंनी समजावून सांगितलं: प्रणालीत वेळ नेहमी यूटीसीमध्ये साठवायची, म्हणजे भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागं असलेल्या जागतिक घड्याळाप्रमाणं, दाखवताना वापरणाऱ्याच्या घड्याळात बदलून दाखवायची. "पण जन्मतारीख ही वेळ नाही, ती नुसती तारीख आहे. तिला घड्याळ लावू नकोस." मी यूटीसीपर्यंत ऐकलं होतं. पुढचं वाक्य कानावर पडलं, पण तोवर डोक्यात यूटीसीच्या पहिल्या अर्ध्याशी झटापट चालू होती. मी म्हणालो, "समजलं."

आता काय झालं ते बघा. अर्जात १ जून निवडला की ब्राउझर त्याचा अर्थ घ्यायचा, १ जून सुरू होतानाचे रात्रीचे बारा, भारतीय वेळ. माझ्या कोडनं त्यातून साडेपाच तास वजा केले. साठवलं गेलं ३१ मे, संध्याकाळचे साडेसहा. पडद्यावर दाखवताना साडेपाच तास परत मिळवले जायचे, त्यामुळं १ जूनच दिसायचा. मी पन्नास वेळा तपासलं, पन्नास वेळा बरोबर. पण विमा कंपनीला जाणारा अहवाल सर्व्हरवर तयार व्हायचा, आणि सर्व्हरचं घड्याळ यूटीसीचं. तिथं सगळ्यांचे वाढदिवस एक दिवस आधी.

कुणाच्याच लक्षात आलं नाही. तारीख एका दिवसानं चुकली तर कोण बघतो? ताईंनी बघितलं. अहवालाची यादी चाळता चाळता त्या थांबल्या आणि मला हाक मारली. "इकडं ये. एवढी माणसं ३१ मेला कशी काय जन्मली?" मी बघत राहिलो. "अरे, उदगीरला माझ्या वर्गात निम्मी पोरं १ जूनची होती. हे ३१ मेवाले कुठून आले?"

ही चूक पकडायला यूटीसी माहीत असणं पुरेसं नव्हतं. मराठवाड्यातली शाळा माहीत असावी लागत होती. माझी स्वतःची जन्मतारीख १ जून नाही, माझा जन्म दवाखान्यातला. पण माझ्या आईची आहे, मामाची आहे, घरमालकाची होती. मला हे दिसायला हवं होतं.

आणि आता यातला वाईट भाग. मला इतकी लाज वाटली की ताईंना विचारायच्या आधी दुरुस्ती करून मोकळं व्हायचं ठरवलं. सगळ्या तारखा एक दिवस मागं गेल्या आहेत ना, मग एक दिवस पुढं ढकला. एका ओळीची क्वेरी, म्हणजे साठवलेल्या नोंदी एका दमात बदलायचा हुकूम. संध्याकाळी ऑफिस रिकामं झाल्यावर मी ती थेट चालू प्रणालीवर सोडली.

सकाळी पडद्यावर अर्धी गावं २ जूनला जन्मलेली होती.

कारण सोपं होतं. सगळ्या नोंदी अर्जातून आलेल्या नव्हत्या. काही हजार जुन्या नोंदी एक्सेलच्या तक्त्यांतून थेट भरलेल्या होत्या, त्या मुळातच बरोबर होत्या. त्या माझ्या क्वेरीनं बिघडवल्या. आणि अर्जातून आलेल्या होत्या त्या आता अहवालात १ जून आणि पडद्यावर २ जून दाखवू लागल्या. पहिली चूक एका जागी होती, मी ती दोन जागी नेली.

ताईंना सगळं सांगितलं. या वेळी कागद न्यायचं सुचलं नाही, तोंडानंच सांगितलं, अडखळत. त्यांनी मधे एकदाही टोकलं नाही. शेवटी एकच विचारलं.

"सोडायच्या आधी किती ओळी बदलणार ते मोजलं होतंस?"

मी काही बोललो नाही. माझ्या कानात जिंतूरचं दुकान वाजत होतं.

क्वेरी सोडायच्या आदल्या रात्रीचा बॅकअप होता म्हणून वाचलो. तो वेगळ्या जागी उघडून, दिवसभरात आलेल्या नव्या नोंदी बाजूला काढून, साडेसहावर अडकलेल्या आणि बारावर असलेल्या नोंदी वेगळ्या मोजून, मग ताई शेजारी बसल्या असताना मी त्या दुरुस्त केल्या. आधी मोजायचं, मग बदलायचं, मग पुन्हा मोजायचं, दोन्ही आकडे जुळले तरच कायम करायचं. शेवटी रकान्याचा प्रकारच बदलला. जन्मतारखेला घड्याळ उरलं नाही. हे ताईंनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं.

त्या दिवसानंतर त्यांनी माझ्याकडून 'समजलं' हा शब्द ऐकून घेणं बंद केलं. काही सांगून झालं की म्हणायच्या, "आता तू मला सांग." मी माझ्या शब्दांत परत सांगायचो आणि हमखास तिसऱ्या-चौथ्या वाक्याला अडायचो. अडलो तिथंच खरं शिकवणं सुरू व्हायचं. त्याच्या आधीचं सगळं नुसतं बोलणं.

आमचे आजोबा पैठणच्या वारीचे. त्यांनी लहानपणी सांगितलेली नाथांची गोष्ट मला या सगळ्यात फार छळायची. देवगिरीवर जनार्दनस्वामींकडं एकनाथ हिशेबाचं काम बघत. एकदा एका पैचा हिशेब लागेना. नाथ रात्रभर दिव्याशी बसून चोपड्या चाळत राहिले, पहाटे चूक सापडली आणि आनंदानं त्यांनी टाळी वाजवली. स्वामी जागे झाले आणि म्हणाले, एका पैच्या चुकीत एवढं रमतोस, तेवढं भगवंतात रमलास तर काय होईल! ही गोष्ट ऐकून मोठ्या झालेल्या आमच्या पिढीला वाटतं की अडल्यावर रात्रभर जागणं हीच साधना. कुणाला विचारणं म्हणजे कमीपणा. मीही पहिल्या वर्षी कित्येक रात्री जागलो, आणि सकाळी ताईंनी दोन मिनिटांत सांगितलं की त्या सर्व्हरला पासवर्ड वेगळा आहे.

पुढं मला यातला फरक दिसला. नाथांची पै चोपडीत होती. सगळ्या चोपड्या त्यांच्या समोर होत्या, उत्तर त्याच पानांवर कुठंतरी होतं, म्हणून जागणं कामी आलं. माझा पासवर्ड कुठल्याच पानावर नव्हता, तो ताईंच्या डोक्यात होता. दुसऱ्याच्या डोक्यातली गोष्ट आपण जागून सापडत नाही. उत्तर आपल्या समोरच्या कोडमध्ये आहे का कुणाच्या डोक्यात, एवढं ओळखता आलं तरी नव्या माणसाचा निम्मा वेळ वाचतो. कोडमध्ये असलं तर झटा, अगदी रात्रभर झटा, त्यातली टाळी वाजवण्याची मजा कुणाला देऊ नका. डोक्यात असलं तर सकाळी साडेनऊलाच विचारा.

(नाथांची आणखी एक गोष्ट मला प्रोग्रामर म्हणून आवडते. अभंगाच्या शेवटी ते 'एका जनार्दनी' अशी सही करत, आपल्या नावाला गुरूचं नाव जोडून. आमच्या गिटमध्ये, म्हणजे कोडमधला कोणता बदल कुणी केला याची नोंद ठेवणाऱ्या वहीत, एकत्र केलेल्या कामाच्या नोंदीखाली दुसऱ्याचंही नाव लिहायची सोय आहे. फार थोडी माणसं ती वापरतात.)

आता विचारायचं म्हणजे कुणाचा तरी वेळ खायचा, हेही खरं. फ्रेड ब्रुक्स हे आयबीएममध्ये ओएस/३६० या अवाढव्य प्रणालीचं काम बघत होते. १९७५ साली त्यांनी लिहिलं की रेंगाळलेल्या सॉफ्टवेअरच्या कामावर आणखी माणसं लावली तर ते आणखी रेंगाळतं. एक कारण म्हणजे नव्यांना शिकवायला जुनेच लागतात. दुसरं म्हणजे बोलण्याचे धागे: दहा जणांत जोड्या ४५, अकरावा आला की ५५. म्हणजे मी ज्या दिवशी त्या टोळीत गेलो त्या दिवशी माझ्यामुळं काम पुढं गेलं नाही, मागं आलं. हे कळल्यावर मी आधी खचलो आणि मग जरा शहाणा झालो. माझ्यावर खर्च झालेला वेळ परत करायचा तर काय करता येईल? मामाच्या दुकानातलं आठवलं. तिथं वेढ्यांची वही लिहायचं काम शागिर्दाचं. कंपनी, एचपी, गेज, वेढे, स्लॉट. तेलानं माखलेली, कडा झिजलेली जाडजूड वही. तीच मोटार पुन्हा आली की मामाला कुणाला विचारायला नको.

मी ऑफिसात तशी वही सुरू केली. नवा माणूस आल्यावर लॅपटॉपवर काय काय बसवायचं, कुठं अडतं, कोणत्या सर्व्हरचा पासवर्ड कुणाकडं मागायचा. जुन्यांना हे लिहिता येत नाही, कारण त्यांना कुठं अडतं हे आठवतच नाही. अडण्याची आठवण ताजी असलेला माणूसच ते लिहू शकतो. पुढच्या वर्षी आलेल्या तिघांना ताईंनी माझ्याकडं न पाठवता थेट वहीकडं पाठवलं, तेव्हा मला जे वाटलं ते पहिल्या पगारालाही वाटलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली, तीही आता मी पलीकडच्या खुर्चीत बसतो म्हणून. आपण सल्ला देतो, समोरचा 'थँक्यू' म्हणून जातो आणि पुन्हा कळवतच नाही. लागू पडला का? का दुसरंच काही निघालं? दुरुस्त मोटार विहिरीत सोडल्यावर पाणी किती फेकते हे मामाला कळलं नाही की तो बेचैन व्हायचा. शेतकरी दिसला की रस्त्यात थांबवून विचारायचा. दोन ओळी कळवा, बास. पुढच्या वेळी माणूस आपणहून जास्त सांगतो.

२०२० साली लॉकडाउनमध्ये मी परभणीला आलो तो इथंच राहिलो. सध्या माझ्याकडं सेलूची एक मुलगी शिकतेय, तिचे वडील जिनिंगवर कामाला. आम्ही रोज अर्धा तास कॉलवर बोलतो. पहिल्या आठवड्यात ती सारखी म्हणायची, "हो सर, समजलं." तो सूर मी ओळखला. साठ पोरांच्या वर्गातला सूर. मी म्हणालो, "सर नको, दादा म्हण. आणि काय समजलं ते मला सांग." पलीकडं इतकी शांतता पसरली की मला वाटलं नेटवर्क गेलं. सेलूला जातंही. मग म्हणाली, "दादा, खरं सांगू का, पहिल्यापासनंच नाही समजलं." मला इतकं बरं वाटलं.

तिच्या वेळी एक अडचण मात्र नवी आहे. आमच्याकडं विचारायला ताई होत्या, हिच्याकडं ताईंच्या आधी चॅटजीपीटी आहे. वापरू नको असं मी म्हणत नाही, मीही वापरतो. रात्री अडीचला न कंटाळता उत्तर देणारा उस्ताद कुणाला नको आहे? पण हे यंत्र फार आमच्यासारखं आहे. त्याला अर्धवट प्रश्न विचारा, ते उलटं काही न विचारता "हो, समजलं" म्हणून ठोकून उत्तर देतं. त्याच्या जागी मामा असता तर त्यानं आधी विचारलं असतं, लाइट दिवसाची का रातची. एकदा तिनं त्याच्याकडून तारखा दुरुस्त करणारी क्वेरी लिहून आणली. एका ओळीची, देखणी. मी विचारलं, "किती ओळी बदलतील?" ती म्हणाली, "तेवढं त्यानं नाही सांगितलं." मग मी तिला २ जूनची गोष्ट सांगितली. पूर्ण. रिकाम्या ऑफिससकट. असली गोष्ट सांगायला मोठ्यांना लाज वाटते, पण मला वाटतं शिकवणाऱ्याकडं द्यायला खरं तर एवढंच असतं. बाकी सगळं आता फुकट मिळतं.

गेल्या महिन्यात जिंतूरला गेलो होतो. मामाचं दुकान तसंच आहे, फक्त वही आता त्याच्या पोराच्या मोबाइलवर आहे आणि मामाचा तिच्यावर विश्वास नाही, म्हणून कागदाचीही चालू आहे. त्यानं विचारलं, "तू नेमकं करतोस तरी काय दिवसभर?" हे तो दर वर्षी विचारतो. या वेळी मी ठरवून सविस्तर सांगितलं. अर्ज, ब्राउझर, साडेपाच तास, सर्व्हरचं घड्याळ, ३१ मे. मामा स्टेटरमध्ये लेदरॉइडचे कागद खोचत ऐकत होता. मी थांबल्यावर मान हलवून म्हणाला, "समजलं."

ती मान मी ओळखतो. पण मामाला कसं म्हणणार, काय समजलं ते सांग?

जरा वेळानं त्यानं हातातलं काम खाली ठेवलं.

"म्हंजे, कॉम्प्युटरनं येक दिवस मागं-पुढं केला म्हणून येवढा गोंधळ?"

"हो ना, मामा."

"आणि आमचं गुरुजीनं चांगलं दीड वरीस मागं-पुढं केलंय, त्याचं काय?"